जयूची ढाक

जयूनं माझा हात काखेत धरला तेव्हा मी हसत होते.

हसण्यासारखंच होतं ते. दोन वर्षं ती माझ्यावर ढाक लावायला बघत होती आणि एकदाही तिला ती जमली नव्हती. समोरचीचा दंड आपल्या काखेत आवळायचा, कंबर आत घालायची आणि वळून तिला पाठीवरनं पलीकडं टाकायची, असा तो डाव. पण जयू वळायच्या आधी तिची मान हलायची. मला कळायचं आणि मी हात काढून घ्यायचे. त्या दिवशीही मान हलली.

"आली बघ बया," असं मी म्हणालेसुद्धा, आणि हात मागं ओढला.

एरवी ती तिथंच थांबायची. त्या दिवशी थांबली नाही. हात काखेत घट्ट ठेवून पुरती वळली. माझं अंग एकीकडं गेलं आणि हात दुसरीकडं राहिला.

मग मला वरचा पत्रा दिसला. सूतगिरणीच्या जुन्या गोदामात आमची तालीम होती. मी मॅटवर उताणी पडले होते आणि पत्र्याच्या भोकातून येणारा उन्हाचा कवडसा माझ्या तोंडावर होता. उजवीकडं मान वळवली तर खांदा खांद्यासारखा दिसत नव्हता. वरचा गोलवा गेला होता, तिथं खळगा पडला होता, आणि पुढं छातीच्या बाजूला कातडीखाली एक गोळा आला होता. हात माझाच होता, पण तो मला उचलता येत नव्हता.

निवड चाचणीची कुस्ती होती ती. आम्ही दोघी एकाच वजनगटातल्या. जी जिंकेल ती राज्य स्पर्धेला जाणार, दुसरी घरी बसणार. तालमीत त्या वेळी आम्ही पाच-सहाच मुली होतो. मुलींनी लंगोट कसला लावायचा म्हणून गावानं वस्तादांना नाही नाही ते ऐकवलं होतं, तरी आबा वस्तादांनी आम्हाला शिकवणं सोडलं नव्हतं. ते शिट्टी टाकून धावत आले.

"वस्ताद, मी सोडला हुता," जयू म्हणत होती. "मी सोडला हुता हात."

"गप. काही झालं न्हाई."

वस्तादांनी आजवर कित्येक पैलवानांचे खांदे बसवले होते. त्यांनी माझ्या काखेत पाय लावला, मनगट धरलं, आणि सावकाश ओढत नेलं. मी दातात टॉवेल धरला होता. खांदा आत सरकला तशी कळ एकदम उतरली, इतकी की मला रडू आलं.

"झालं," वस्ताद घाम पुसत म्हणाले. "बसला. काही झालं न्हाई. जये, तू जिंकलीस. जा, हातपाय धुऊन घे."

जयू कोपऱ्यात उभी होती. दोन्ही हात अंगापासून लांब धरून, ओले असल्यासारखे. तिला बरं वाटावं म्हणून मी पडल्या पडल्याच म्हणाले, "जये, जमली की गं शेवटी."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

आईच्या जुन्या लुगड्याची झोळी गळ्यात अडकवून मी घरी बसले. जयू पुण्याला स्पर्धेला गेली. वस्ताद परत आले ते सरळ आमच्या घरी. चहाचा कप त्यांनी न पिताच खाली ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"पहिल्याच कुस्तीत गेली."

"कशी?"

"पुढं हुती. चांगली पुढं हुती. त्या पोरीचा हात काखेत घावला, समदे वराडाय लागले, घे घे म्हणून. आन् हिनं सोडून दिला." वस्तादांनी स्वतःचे दोन्ही हात उघडून दाखवले. "असा. आन् नुसती उभी ऱ्हायली. तिनं वाकून हिचे पाय धरून पट काढला न् केली चीत."

"मग?"

"मग काय. तालमीतनं पेटी उचलली आन् गेली गावाला. येत न्हाई म्हणती."

मला तिचा राग आला. माझी जागा घेतली आणि अशी टाकून दिली, असं वाटलं. मला भेटायलाही ती आली नव्हती. लाज वाटत असेल, वाटू दे, असं मी मनाशी म्हणाले.

महिन्याभरात मी झोळी काढली आणि तालमीत जायची तयारी केली. आंघोळ करून आरशासमोर वेणी घालत होते. दोन्ही हात डोक्यामागं नेले आणि खांदा निघाला. कुणी धरलं नव्हतं, ओढलं नव्हतं. हातात फणी होती, बस्स. आई धावत आली आणि मला तशी वाकडी उभी बघून तिनंच आधी किंकाळी फोडली. त्यानंतर तो झोपेत निघाला, अंगावर पांघरूण ओढताना. मग एकदा कपाटावरचा डबा काढताना. दर वेळी बसवायला आधीपेक्षा कमी त्रास व्हायचा, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटायचं. झाकण सैल झालेल्या डब्यासारखा खांदा झाला होता. मी हात अंगाला चिकटवून चालायला लागले. कुणी शेजारून गेलं तरी अंग चोरून घ्यायचे.

शेवटी अण्णा, म्हणजे माझे वडील, मला मिरजेला घेऊन गेले.

तिथले डॉक्टर इनामदार कमी बोलायचे. त्यांनी आधी अण्णांना बाहेर बसायला सांगितलं, नर्सबाईंना आत बोलावलं, पडदा ओढून घेतला आणि मग माझा खांदा बघितला. हात आडवा धरून कोपरातून मागं नेला, तसं माझं सगळं अंग ताठ झालं. "पुरे," ते म्हणाले आणि लगेच हात खाली आणला. दोन दिवसांनी फोटो आले. अण्णांना आत बोलावून त्यांनी टेबलावर आपली मूठ दुसऱ्या हाताच्या तळव्यावर ठेवून दाखवली.

"खांदा असा असतो. चेंडू मोठा आणि वाटी उथळ. वाटीला भोवतीनं एक मऊ कड असते, ती चेंडूला धरून ठेवते. हिची पुढची कड फाटून सुटली आहे. म्हणून तो घसरतो."

"तालमीत बसवला हुता की," अण्णा म्हणाले.

"बसवला, पण फाटलेलं तसंच राहिलं. आणि एक सांगतो, फोटो काढल्याशिवाय ओढाओढ करू नये. शिरा असतात तिथून. हिचं नशीब चांगलं."

"पोरीची जात हाय साहेब," अण्णा हळू म्हणाले. "हात अधू ऱ्हायला तर..."

"मुलींचे सांधे थोडे सैल असतात, एवढाच फरक. उपचार तोच." डॉक्टर माझ्याकडं वळले. "तू सांग. खेळायचंय?"

अण्णाच आधी बोलले. "न्हाई खेळली तर?"

"तर व्यायामावर भागेलही कदाचित. जपून राहावं लागेल. पण कुस्ती खेळायची असेल तर कड शिवल्याशिवाय मी परवानगी देणार नाही. या वयात, या खेळात, तो परत परत निघणार." ते अजून माझ्याकडंच बघत होते. "मी हिला विचारलंय."

मला तोवर असं कुणी विचारलं नव्हतं. "खेळायचंय," मी म्हणाले. अण्णा म्हणाले, "करा."

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. तीन बारीक भोकं, एवढीच बाहेरची खूण. आत वाटीच्या हाडात खुंट्या बसवून फाटलेली कड त्यांना दोऱ्यानं बांधली होती. शुद्धीवर आले तेव्हा हात पट्ट्यात आणि उशाशी वस्ताद बसलेले.

"जयूच्या आईचा फोन आला हुता तालमीजवळच्या दुकानात," ते म्हणाले. "पोरगी इचारती, हेमा कशी हाय."

"तिला सांगा, मला काही झालेलं न्हाई," मी म्हणाले. "म्हणावं, अजिबात दुखत न्हाई."

चांगला निरोप दिला असं मला वाटलं. वस्तादांनाही वाटलं असावं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दुखत होतं. आडवं झालं की जास्त दुखायचं, म्हणून कित्येक दिवस मी भिंतीला टेकून बसूनच झोपले. आई मला आंघोळ घालायची, कपडे चढवायची, मागची बटणं लावायची. वीस वर्षांची घोडी मी, आणि आई माझी वेणी घालताना हुंदके आवरायची. पट्टा निघाल्यावर दवाखान्यातल्या शलाका मॅडमकडं व्यायामाला जायला लागले. त्या माझ्याहून थोड्याच मोठ्या होत्या, पण कडक होत्या. आधी नुसतं वाकून हात लोंबकळत सोडायचा. मग बोटांनी भिंत चढायची. मग दाराच्या कडीला रबरी पट्टी बांधून ती ओढायची. मी घाई केली की त्या पट्टी काढून घ्यायच्या.

"पैलवान, खांदा एकटा काम करत नाही," त्या माझ्या पाठीवरच्या फऱ्यावर, खांद्यामागच्या सपाट हाडावर, बोट ठेवून म्हणायच्या. "आधी हा जागा झाला पाहिजे."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली. भिंतीवरचे जोर, मग जमिनीवरचे जोर, मग दोरी. मकरसंक्रांतीच्या सुमाराला डॉक्टरांनी पुन्हा हात आडवा धरून कोपरातून मागं नेला. मी छताकडं बघत शांत पडून राहिले. ते म्हणाले, "जा. हळूहळू सुरू कर."

तालमीत नव्या पोरी आल्या होत्या. मी त्यांच्याशी लढायला लागले आणि जिंकायलाही लागले. पट काढत होते, पोरी खांद्यावर उचलून कलाजंग लावत होते. वस्ताद खूश होते. मग एके दिवशी कवठ्याची एक नवी पोरगी माझ्याशी झोंबत होती. तिनं नकळत माझा उजवा दंड काखेत घेतला, तोच गोदामाच्या पार त्या टोकावरून वस्ताद ओरडले, "ए! हात सोड तिचा!"

पोरगी दचकून बाजूला झाली. सगळ्या थांबल्या. मी एकेकीच्या तोंडाकडं बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की त्या सगळ्यांना माहीत होतं, हेमाला ढाक लावायची नाही. वस्तादांनी सांगून ठेवलं होतं. इतके दिवस मी कुणाशी लढत होते ते मलाच कळेना.

"स्पर्धेत कोण सोडणार हाय मला?" मी वस्तादांना विचारलं.

"बघू की. दमानं."

"जयूला बोलवा."

"ती येत न्हाई पोरी. मी दोनदा जाऊन आलो."

मग मीच गेले.

जयूचं गाव आडबाजूला होतं. एसटीतून फाट्यावर उतरून उसाच्या पाणंदीनं चालत जावं लागायचं. हळदीचा हंगाम चालू होता. सगळ्या शिवारात शिजलेल्या हळदीचा वास भरला होता. खळ्यावर ताडपत्र्या अंथरून हळद वाळत घातली होती आणि पाच-सहा बायका ढिगाभोवती बसून गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत होत्या. जयूची आई त्यांत होती. मला बघून ती उठली.

"हेमा? अगं बया! बरी हायस न्हवं?"

"बरी हाय मावशी. जयू कुठाय?"

"ती काय, पाटी घिऊन आली." मावशी आवाज खाली आणून म्हणाली, "मोडाय बसतच न्हाई बघ. सावलीतलं काम हाय, बस म्हटलं तर उठून जाती. गड्यावानी नुसत्या पाट्या वाहती. रातीचं झोपत न्हाई. तू तरी इचार."

जयू आली. डोक्यावर पाटी, अंगावर भावाचा शर्ट, हात कोपरापर्यंत पिवळे. ती खूप वाळली होती. मला बघून तिनं पाटी सावकाश खाली ठेवली आणि तिची नजर पहिल्यांदा माझ्या खांद्यावर गेली.

"कशी हायस?" ती म्हणाली.

"मस्त. बघ." मी हात वर केला, गोल फिरवला, मागं नेला. "पहिल्यापेक्षा पक्का झालाय. डॉक्टरनी सांगितलंय."

"बरं झालं."

"चल तालमीला."

"न्हाई येत."

"का?"

तिनं पाटी उचलली. मी आडवी उभी राहिले.

"जये, तुला भ्या वाटतंय माझा हात मोडंल म्हणून. मला काही झालं न्हाई. काहीच झालं न्हाई, ऐकतीस का? हे घे, धर." मी उजवा हात पुढं केला. "लाव ढाक. तुला दाखवायलाच आलेय मी."

"नगं, हेमे."

"धर म्हणते ना."

खळ्यावरच्या बायका थांबून बघायला लागल्या. मावशी म्हणाली, "धर की गं. एवढी चालत आलीया पोर."

जयूनं एकदा आईकडं बघितलं. मग ती हौदावर गेली आणि हात धुऊन आली. हळद काही निघाली नव्हती. खळ्याच्या कडेला ओढ्यातली वाळू आणून टाकली होती, तिथं आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो. मी हसले. तिनं माझी मान धरली, मी तिची. आणि मग तिनं माझा दंड काखेत घेतला. अगदी सावकाश, अंडं धरावं तसा. वळलीही नाही. नुसता धरला.

पुढचं मी केलं नाही. माझ्या अंगानं केलं. पाय मागं सरकले, हात जिवाच्या आकांतानं बाहेर ओढला गेला, डाव्या हातानं मी तिचे केस पकडले आणि माझ्या तोंडातून काहीतरी निघालं. शब्द नव्हता तो. बांधलेलं जनावर ओरडावं तसं काहीतरी. एक बाई "अगं आई गं" म्हणून उठली.

जयूनं केव्हाच हात सोडला होता. मीच तिचे केस धरून उभी होते.

मी केस सोडले. मला तिच्या तोंडाकडं बघवेना. वर्षभर व्यायाम केला होता, जोर मारले होते, एवढ्या पोरींना चीत केलं होतं. खांदा पक्का होता. तो निघाला नव्हता, दुखलाही नव्हता. तरी मी वाळूत खाली बसले.

जयू माझ्याजवळ बसली. बायका आपापल्या कामाला लागल्या, किंवा लागल्यासारखं त्यांनी केलं.

"म्हंजे झालं हुतं," जयू म्हणाली.

"काय?"

"तेव्हा. झालं हुतं." ती वाळूकडं बघत बोलत होती. "वस्ताद म्हणले, काही झालं न्हाई. तू हसून म्हणलीस, जमली की गं. दवाखान्यातनं निरोप धाडलास, काही झालं न्हाई, दुखत न्हाई. आईला सांगितलं तर आई म्हणली, तिला काही झालं न्हाई, तू कशाला जीव जाळतीस. समदे म्हणत्यात काही झालं न्हाई. मग मला ते कुठनं ऐकू येतंय?"

"काय ऐकू येतंय?"

तिनं आपला हात काखेखाली बरगडीवर ठेवला.

"तुझा हात इथं हुता. मी वळले आन् तुझ्या खांद्यात वाजलं. कानानं न्हाई ऐकलं मी. हितं ऐकलं. बरगडीनं. आतनं." ती थांबली. "कसं सांगू? मोठा आवाज न्हवता. मऊ हुता. मऊ काहीतरी जागचं हलावं, आन् त्याच्या मागनं एक कट् करून. हळकुंड मोडलं की येतो तसा. अंगाखाली हात ठिवून झोपले तरी येतो. पुण्याला त्या पोरीचा हात धरला आन् तिचा खांदा वाजायच्या आधी मला तो ऐकू आला. मी सोडला." तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला न्हाई ऐकू आला?"

"न्हाई."

"तुला न्हाई, वस्तादांना न्हाई, कुणालाच न्हाई. मला वाटाय लागलं, माझ्या डोस्क्यात बिघडलंय."

मी तिचा पिवळा हात हातात घेतला. काय बोलायचं ते मला कळलं होतं, पण ते तोंडातून काढायला वेळ लागला. इतके दिवस मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"झालं, जये," मी म्हणाले. "खांदा निखळला. तुझ्या काखेत असतानाच निखळला. तू मुद्दाम न्हाई केलंस, मी पण हात ओढला हुता. पण झालं. आन् लई दुखलं."

"किती?"

मग मी सांगितलं. बसून झोपायचे ते सांगितलं. वेणी घालताना निघाला ते, झोपेत निघाला ते. आई मला आंघोळ घालायची तेव्हा मी डोळे मिटून बसायचे ते. तिच्यावर किती चिडले होते तेही सांगितलं. जयू मध्ये एकदाही "माफ कर" म्हणाली नाही. नुसतं ऐकत राहिली. मधूनच म्हणायची, "मग?" आणि मी पुढचं सांगायचे. सांगता सांगता मी रडायला लागले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

मावशीनं भाकरी आणि वांग्याचं कालवण आणून दिलं. आम्ही एका ताटात जेवलो. जेवण झाल्यावर जयू रिकाम्या पोत्यांच्या थप्पीला पाठ लावून बसली, आणि बघता बघता तिची मान कलली. भर दुपारी, बायकांची बडबड चालू असताना, ती तोंड उघडं टाकून गाढ झोपली.

मावशी पदर तोंडाला लावून बघत उभी राहिली. "किती दिसांनी," ती म्हणाली. "हलू नगंस हं हेमा. झोपू दे."

एसटीला वेळ होता. नुसतं काय बसायचं म्हणून मी मावशीजवळ ढिगापाशी गेले आणि हळद मोडायला घेतली. एक गड्डा उचलला, हळकुंड चिमटीत धरलं, मोडलं.

हात तिथंच थांबला.

दुसरं मोडवेना. आजूबाजूला पाच-सहा बायका मोडत होत्या, प्रत्येकीच्या हातातून तो कट् आवाज येत होता, एकामागं एक, आणि मला तो माझ्या खांद्यात ऐकू येत होता. जिथं तो पहिल्यांदा वाजला होता, आणि मला ऐकू आला नव्हता, तिथंच.

"दुखतोय व्हय गं हात?" मावशीनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले, आणि उठून पाट्या वाहायला लागले.

आठवड्यानं जयू पेटी घेऊन तालमीत आली. मी शलाका मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला घेऊन ये." त्यांनी आम्हा दोघींना एकत्र शिकवलं. रोज सराव संपला की जयू माझा हात काखेत धरायची, नुसता धरायची. "सांग," ती म्हणायची. मी म्हणायचे, "भ्या वाटतंय." ती तसाच धरून ठेवायची. "आता?" "कमी." मग थोडं वळायची. खोटं बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी खोटं बोलले तर तिला बरगडीला कळायचंच. पावसाळ्यापर्यंत तिनं मला पाठीवरून टाकलं आणि मी पडून पुन्हा उठले.

माझा खांदा नंतर कधी निघाला नाही. मी चार वर्षं खेळले, राज्य स्पर्धेत एकदा तिसरी आले आणि शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले. जयू पुढं गेली. तिचं नाव पेपरात यायला लागलं. तिला झोप यायला लागली होती. त्या खळ्यावरच्या दुपारनंतर तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला नाही, असं तिनंच मला एकदा हसत सांगितलं. मला तो अजून ऐकू येतो, हे मी तिला सांगितलं नाही.

मग एका वर्षी साताऱ्यात तिची अंतिम कुस्ती होती. मी रजा काढून गेले. पुढच्या रांगेत वस्तादांशेजारी बसले. दुसऱ्या फेरीत जयूनं सोलापूरच्या पोरीचा दंड काखेत घेतला, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. मी पण उठले. खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन दोन्ही कानांवर हात दाबून उभी राहिले. टाळ्यांचा गडगडाट तरीही ऐकू आला, त्यावरून कळलं, ती जिंकली.

थोड्या वेळानं जयू मला शोधत बाहेर आली. घामानं भिजलेली, गळ्यात पदक.

"बघितलीस?" तिनं विचारलं.

"बघितली की. झकास."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला आत नेलं. बाकांच्या मागं सोलापूरची ती पोरगी टॉवेल घेऊन बसली होती. हरली म्हणून नाक लाल झालं होतं, पण धडधाकट होती. आम्हाला बघून ती गोंधळली.

"काय झालं ताई?"

"काही न्हाई गं," जयू म्हणाली. "हिला तुला नुसतं बघायचं हुतं."

ती पोरगी कसंनुसं हसली. शेजारची पाण्याची बाटली तिनं घेतली, झाकण काढलं आणि प्यायला हात वर नेला.

तिचा खांदा वाजायच्या आधी मी मान वळवली.